मदत हवी आहे: पुण्यातल्या 'हे इथे कुठून आलं?' असं वाटायला लावणाऱ्या जागा सुचवा

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

जानेवारीत नागपूरहून मामेबहीण येतेय, सोबत तिची बारा वर्षांची लेक आणि माझी मामी. शनिवारवाडा, दगडूशेठ, सिंहगड, आगाखान पॅलेस हे सगळं मागच्या खेपांना झालंय आणि मॉलमध्ये कुणालाच जायचं नाहीये. लेकीला चित्रं काढायचा प्रचंड नाद आहे, स्केचबुक हातातून सुटत नाही, त्यामुळे जिथे निवांत उभं राहून किंवा बसून बघता येईल, कुणी "चला चला पुढे" करणार नाही अशा जागा हव्यात. मामींचे गुडघे दुखतात म्हणून खूप पायऱ्या नकोत. शनिवार-रविवार पूर्ण हाताशी आहे, गाडी नाही, रिक्षा आणि मेट्रो चालेल.

आता मला नेमकं काय हवंय ते सांगते, कारण गुगलवर 'पुण्यातील प्रेक्षणीय स्थळे' टाकलं की तीच यादी फिरून फिरून समोर येते. सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ तुम्ही पाहिलंच असेल. मी तिथे पहिल्यांदा गेले ती एका ओळखीच्या काकूंबरोबर सहज दर्शनाला म्हणून, आणि दर्शनी भिंतीवर बघते तर काय, दगडात चक्क गेंडा कोरलाय! साखळदंडाने जखडलेला गेंडा आणि त्याच्या आजूबाजूला बंदुकवाले गोरे शिपाई. गणपतीच्या देवळावर गेंडा आणि इंग्रज शिपाई! देवळाचं काम 1754 मध्ये सुरू झालं आणि 1770 मध्ये आत गणपती बसला, म्हणजे मधल्या काळात 1757 ची प्लासीची लढाई होऊन इंग्रजांनी बंगाल घशात घातला होता, आणि तो बांधलेला गेंडा म्हणजे पूर्वेकडचा तो मुलूख असा अर्थ बरेच जण लावतात. विचार करा, पुण्यात अजून पेशवाई जोरात आहे आणि इथला कुणी पाथरवट तिकडे बंगालात काय चाललंय ते देवळाच्या भिंतीवर कोरून ठेवतोय. मला ते इतकं आवडलं की आत जायचं विसरून मी बाहेरच उभी होते.

तर मला अशा जागा हव्यात, जिथे माणूस थांबतो आणि विचारतो की अरे हे इथे कुठून आलं? भव्य नसलं तरी चालेल, एखादी भिंत, एखादा पुतळा, पूल, कुणीतरी वेड्यासारखं जमवलेलं म्युझियम, काहीही. रंगवलेल्या भिंती पण चालतील. मुलीला दाखवण्यासारखं आणि पाठीमागे काहीतरी गोष्ट असलेलं असावं एवढंच.

माझ्या डोक्यात आत्तापर्यंत त्रिशुंड, केळकर म्युझियम आणि पाताळेश्वर आहे. पाताळेश्वर तर ऐन जंगली महाराज रोडवर, बाहेर ट्रॅफिकचा गोंगाट आणि चार पावलं आत गेलं की आठव्या शतकातलं, एकाच कातळात खोदलेलं देऊळ, समोर नंदीचा तो गोल मंडप. काम अर्धवटच राहिलंय हे मला त्यातलं सगळ्यात भारी वाटतं, छिन्नी कुठे थांबली ते कळतं. बाकी जाणकारांनी सुचवा प्लीज.

पेठकरीण

त्रिशुंडला मनापासून अनुमोदन! आमच्या घरापासून अगदी जवळ आहे. सकाळी लवकर जा, तेव्हा गर्दी नसते आणि पोरीला गेंडा नीट उतरवून घेता येईल. गेंड्याच्या खालच्या बाजूला झुंजणारे हत्ती आहेत तेही दाखवा. मूर्ती एकमुखी, पण सोंडा तीन, हात सहा आणि वाहन उंदीर नाही तर मोर. गाभाऱ्यातले शिलालेख बघायला विसरू नका, दोन संस्कृत आणि एक फारसी! गणपतीच्या गाभाऱ्यात फारसी, म्हणजे तुमच्या 'कुठून आलं'ला अजून एक. देवळाखाली तळघर आहे, तिथे देऊळ बांधणाऱ्या गोसावींची समाधी आहे आणि एरवी तळघरात पाणी असतं, ते उपसून गुरुपौर्णिमेला खुलं करतात, जानेवारीत ते बघायला मिळणार नाही.

तिथून तशाच कसब्यात तांबट आळीत या, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची आळी. हे म्युझियम वगैरे नाही, लोकांचं रोजचं काम आहे, त्यामुळे आधी विचारून मगच फोटो काढा, पण शक्यतो कुणी नाही म्हणत नाही. आळीत शिरायच्या आधीच ठोक्यांचा आवाज यायला लागतो. भांडं घडवून झालं की त्याच्यावर हातोडीने एकसारखे ठोके मारत जातात त्याला मठारकाम म्हणतात, त्याने पत्रा कडक होतो आणि ती खळ्याखळ्यांची चमक येते. ठोका एकाला लागून एक पडला पाहिजे, मध्ये जागा सुटली की लगेच डोळ्यात येतं. हात बघत राहावा असं काम आहे ते. एक छोटासा घडा किंवा तांब्या घ्याच, त्या कारागिरांना त्याचा खरंच आधार होतो.

कसब्यातच काही वर्षांपूर्वी हर्षवर्धन कदम आणि त्यांच्या सोबतच्या चित्रकारांनी पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्टमध्ये जुन्या वाड्यांच्या भिंती रंगवल्या होत्या. भिंतीवरचं चित्र म्हणजे ऊन-पाऊस आलाच, वाडा पडला की चित्र गेलं, त्यामुळे यादी हातात घेऊन शोधू नका, गल्ल्यांमधून चालताना जे भेटेल ते बघा.

कॅम्पवासी

पेठांच्या बाहेर पण या की जरा! तुमच्या प्रश्नाला सगळ्यात चपखल म्हणजे फिट्झगेराल्ड पूल, बंडगार्डनचा जुना पूल. 1869 चा दगडी पूल आहे, गाड्या आता शेजारच्या नव्या पुलावरून जातात त्यामुळे ह्याच्यावर निवांत चालता येतं. दोन्ही टोकांना सिंह आहेत आणि ते आपल्याकडच्या देवळातले सिंह नाहीत, इटलीत फ्लॉरेन्सला मेडिची घराण्याचे जे प्रसिद्ध सिंह आहेत त्या धाटणीचे आहेत. मुळा-मुठेच्या काठावर इटालियन सिंह! संध्याकाळी पश्चिमेचं ऊन असताना जा, मुलीला स्केचला मस्त सावल्या मिळतील. चढ-उतार नाही, मामींना काही त्रास नाही.

दुसरं म्हणजे कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ. डेव्हिड ससूननी बांधलं, तेच ससून हॉस्पिटलवाले. 1867 मध्ये पूर्ण झालं. लाल विटांचं, नव्वद फुटी मनोरा, लांबून बघितलं तर कुणी पण चर्चच म्हणेल. ससून यांची कबरही आवारातच आहे. आत जायला आधी परवानगी लागते आणि ओळखपत्र न्यावंच लागतं, शनिवार त्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी बघायला म्हणून जाऊच नका. परवानगी नाही मिळाली तरी बाहेरून मनोरा दिसतो.

आणि वानवडीची शिंदे छत्री! ही कशी काय राहिली सगळ्यांच्या यादीतून मला कळत नाही. महादजी शिंदे 1794 मध्ये इथे वानवडीलाच वारले, त्यांची समाधी आहे. बाहेरून राजस्थानी वाटावी अशी इमारत, आतल्या सभामंडपात रंगीत काचा, विलायती थाटाची गॅलरी आणि शिंदे घराण्यातल्या लोकांच्या तसबिरी. महादजींच्या मानासाठी तिथे आवारात छत्री उघडायची नाही असा रिवाज आहे, ऊन असो की पाऊस. मामींना उन्हासाठी टोपी किंवा स्कार्फ असू द्या.

दोनचाकी

मुलीसाठी दोन जागा सुचवतो. कर्वे रोडला संगम प्रेसजवळ जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे, 1998 पासून. एका माणसाच्या छंदातून उभं राहिलेलं अख्खं छोटं शहर आहे, सिग्नल, रूळ बदलणं, पूल, सर्कस, आणि हे सगळं चालू असतं, नुसतं काचेत ठेवलेलं नाही. शो दाखवतात तेव्हा एका जागी उभं राहून किंवा बसून बघता येतं.

दुसरं कर्वेनगरला सहवास सोसायटीजवळ विक्रम पेंडसे सायकल म्युझियम. 2017 मध्ये सुरू झालं. जुन्या काळच्या सायकली, कंदिलासारखे सायकलचे दिवे, पंप, घंट्या. त्यांच्याकडे बीएसए कंपनीची पॅराट्रूपर आहे, दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांसाठी केलेली, मधोमध घडी होते. त्याच सायकलवर कधीतरी कुणीतरी युरोपात उतरलं असेल आणि ती आता कर्वेनगरात! ही पण तुमच्याच प्रश्नातली झाली. जिने आहेत मात्र, मामींनी खालचंच बघून बसावं. दोन्ही ठिकाणी वेळा आधी फोन करून विचारा.

टेकडीप्रेमी

केळकर म्युझियमबद्दल थोडं. दिनकर केळकरांनी राजा ह्या आपल्या मुलाच्या आठवणीसाठी हे नाव दिलं, तो लहानपणीच गेला. गावोगाव फिरून त्यांनी लोकांच्या घरातल्या रोजच्या वस्तू गोळा केल्या, दिवे, अडकित्ते, कुलपं, खेळणी, वाद्यं, वीस हजारांवर वस्तू आहेत, आणि 1975 मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. मांडलेला त्यातला थोडाच असतो. मुलीला म्हणावं सगळं बघू नकोस, फक्त अडकित्ते बघ. सुपारी कातरायची एवढीशी वस्तू, पण कुठे मोर, कुठे घोडा, कुठे जोडपं, एकासारखा दुसरा नाही. तिचं एक अख्खं पान त्याच्यातच भरेल. आणि मस्तानी महाल पण तिथेच आहे, कोथरूडला होता तो सुटा करून इथे आणून परत उभा केलाय, म्हणजे अख्खा महालच 'कुठून आला' मध्ये बसतो. पायऱ्या आहेत बऱ्याच, त्यामुळे मामींना सकाळी ताजंतवानं असताना न्या.

सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान पण धरा, जपानमधल्या ओकायामाच्या तीनशे वर्षं जुन्या कोराकुएन बागेवरून केलेलं आहे. पाणी, दगड, छोटे पूल, सगळं मोजूनमापून. हिरवळीवर चालू देत नाहीत आणि दुपारी बंद असतं.

फेब्रुवारीत आला असतात तर 28 तारखेला विज्ञान दिनाला विद्यापीठाच्या आवारातलं आयुका, म्हणजे खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र, बघता आलं असतं, त्या दिवशी सगळ्यांना खुलं असतं. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन चौघे एकाच चौकात उभे आहेत! पुढच्या खेपेला नक्की लक्षात ठेवा.

धागाकर्ती

अरे वा, किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून धन्यवाद! मेडिची सिंह आणि पॅराट्रूपर सायकल मला माहीतच नव्हती आणि मी इतकी वर्षं त्या पुलाशेजारून जातेय.

असं ठरवतेय: शनिवारी सकाळी त्रिशुंड, मग तांबट आळी, दुपारी जेवून आराम, चारनंतर जोशींची रेल्वे. रविवारी सकाळी केळकर, मग पाताळेश्वर, आणि संध्याकाळी बंडगार्डनचा पूल. शिंदे छत्री कुठे घालावी कळत नाहीये, आणि पाताळेश्वरहून पुलापर्यंत मामींना कमीत कमी चालवून कसं न्यायचं?

कॅम्पवासी

पाताळेश्वरहून रिक्षाने छत्रपती संभाजी उद्यान मेट्रो स्टेशन, अगदी जवळ आहे. स्टेशनचं छप्पर मावळ्याच्या पगडीसारखं केलंय, मुलीला आधी खालून दाखवा मग वर न्या. लिफ्ट आहे. तिथून रामवाडीच्या मेट्रोत बसा आणि बंडगार्डनला उतरा, गाडी वरून जाते त्यामुळे नदी आणि जुनं शहर दिसतं, उजेड असतानाच निघा. वाटेत सिव्हिल कोर्टला उतरून भुयारी स्टेशन बघायचं असेल तर ते 33 मीटर खोल आहे, सरकते जिने आहेत, पण मामी दमल्या असतील तर सोडून द्या.

शिंदे छत्रीसाठी शनिवारची रेल्वे रविवारी दुपारी ढकला आणि पाताळेश्वर तिच्यानंतर, पुलावर जायच्या आधी घ्या. मग शनिवारी चारनंतर कॅम्पातून रिक्षा करून वानवडी. रिक्षा थांबवूनच ठेवा, परत येताना तिथे पटकन मिळत नाही. लाल देऊळ शनिवारी बाहेरूनच, वाटेतच आहे.

पेठकरीण

आणि तांबट आळीत शनिवारी अकराच्या सुमारास पोचा, तेव्हा काम जोरात असतं, जेवणाच्या वेळेला आवाज बंद होतो. मुलीला बसायला पाट किंवा स्टूल मागा, देतात.