वजन, दम आणि काटामारी

पंचगंगाकाठ:
मंडळी, एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय. विषय आहे ब्लॉकचेनवर (म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या नोंदींच्या साखळीवर) चालणारी समाजमाध्यमं आणि तिथल्या मतदानातली दादागिरी. संपादकबाईंनी बजावलंय की ‘अपव्होट-डाउनव्होट’ दर ओळीला दिसलं तर लेख साभार परत. म्हणून मराठी शब्द शोधायला तुमच्या दारात आलोय.

आधी प्रकार काय आहे ते सांगतो. 2016 साली स्टीम नावाची ब्लॉकचेन सुरू झाली आणि तिच्यावर स्टीमिट ही साइट. लेख टाकायचा, वाचणाऱ्यांनी मत द्यायचं, मतांप्रमाणे लेखकाला टोकनं, म्हणजे विकता येणारी आभासी नाणी, मिळायची. ती कुठून येतात? रोज नवी टोकनं पाडली जातात, त्यांची एक सामाईक थैली असते, तिच्यातून. गोम पुढेच आहे. इथे माणशी एक मत नाही. ज्याने जितकी टोकनं अडकवून ठेवली, त्याच्या मताला तितका भाव. मोठ्या धेंडांना तिथे देवमासे म्हणतात. देवमाशाने बोट लावलं की लेख वर उसळतो, माझ्या बोटाने पैसा हलत नाही. आणि उलटं मत पडलं तर लेखापुढे दिसणारी कमाई कापली जाते. हा खेळ सात दिवस चालतो, मग हिशेब बंद.

मला अडलेत ते डाउनव्होट, व्होटिंग पॉवर आणि सगळ्यात अवघड म्हणजे अब्यूज. ‘गैरवापर’ लिहून बघितलं, पण हात अडखळला. देवमासा स्वतःच्याच लेखांना रोज मत देतो, सॉफ्टवेअर त्याला अडवत नाही, कुठलाही नियम मोडत नाही. मग त्याला गैर म्हणायचं कशाच्या आधारावर?

जुना_मुद्रितशोधक:
तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘गैर’ ह्या शब्दातच आहे. अरबीत त्याचा अर्थ वेगळा, इतर. गैरहजर म्हणजे हजर नसलेला. त्या न्यायाने गैरवापर म्हणजे ‘न वापरणं’ व्हायला हवं होतं! पण मराठीत गैर सुटा निघाला आणि त्याने स्वतःचा संसार थाटला. ‘त्यात काय गैर आहे?’ असं आपण विचारतो तेव्हा कुणी कलम शोधत नसतं, शोभतं का एवढंच विचारत असतं. बेकायदा वेगळं आणि गैर वेगळं. नियमात चोख बसणारी गोष्टही गैर असू शकते, आणि तुमच्या देवमाशाचं वागणं नेमकं त्या जागेत पडतं. बिनधास्त गैरवापर लिहा. ‘दुरुपयोग’ नको, त्याला सरकारी परिपत्रकाचा वास येतो.

उसाची_कांडी:
सर, मला ह्यात एक पटंना. आमच्या कारखान्याच्या सभेला ज्याचा एक शेअर त्याचंबी एक मत, ज्याचे पन्नास त्याचंबी एकच. 1960च्या सहकार कायद्यातच तसं हाय. पण कंपनीत शेअर मोजून मतं असत्यात, त्याला कोण दादागिरी म्हणत न्हाई. ही तुमची साखळी म्हंजे कंपनी हाय, सहकार नव्हं. ज्यानं पैसा घातला त्यो बोलणार. मग रडालाईस कशाला भावा?

पंचगंगाकाठ:
रडत नाही रे, पण मुद्दा बिनतोड काढलास. लेखात हा येणारच. तरी फरक बघ. कंपनीत लाभांश शेअरला सारखा मिळतो. शंभर शेअरवाल्याला एका शेअरवाल्याच्या शंभरपट, पण त्याच्या ताटातलं कुणी काढून घेत नाही. इथे थैली सामाईक आहे. देवमाशाने स्वतःच्या दोन ओळींच्या लेखावर सगळा जोर लावला की तेवढं बाकीच्यांच्या ताटातून कमी होतं. शिवाय जाहिरात काय होती? चांगलं लिहा, लोक दाद देतील, दादेचे पैसे मिळतील. म्हणजे बोर्ड सहकाराचा आणि आत काटा कंपनीचा.

तालमीतला:
व्होटिंग पॉवरला एक शब्द चालणार नाही, कारण त्या दोन गोष्टी आहेत. मी दोन वर्षं तिथे होतो म्हणून सांगतो. एक म्हणजे तुमच्याकडे टोकनं किती, त्यावर ठरणारा जोर. दुसरी म्हणजे टक्क्यातली शिल्लक. ही भरलेली असते तेव्हा 100, पूर्ण जोराचं एक मत दिलं की त्यातले 2 टक्के जातात, आणि दिवसाला 20 टक्के भरून येतात. म्हणजे साधारण रोज दहा मतं परवडतात, आणि पार रिकामी झाली तर पुन्हा पूर्ण भरायला पाच दिवस. दोन्हींना व्होटिंग पॉवर म्हणतात आणि नवखा माणूस हमखास गंडतो.

तालमीत ह्याला आपल्याकडे शब्द आहेत की. पहिलं वजन, दुसरा दम. दम लागतो, दम भरून येतो. वजन तसं एका रात्रीत बदलत नाही.

आणि रास्तपणाचं म्हणाल तर खासबागेत कुस्ती लावताना आधी काय बघतात? जोड. चाळीस किलोच्या पोराला नव्वद किलोच्या पैलवानासमोर कुणी उभं करत नाही, केलं तर वरच्या पायरीवरचा म्हातारासुद्धा उठून ओरडेल. त्या साखळीवर वजनगटच नाहीत.

जुना_मुद्रितशोधक:
‘दम’ सुरेख. डोळे झाकून घ्या.

तिखट_मीठ:
‘वजन’ मला तालमीतल्या दादांच्या अर्थापेक्षाही जास्त आवडलाय. मराठीत तो तीन कामं करतो बघा. त्यांचं वजन आहे, म्हणजे शब्दाला मान आहे. त्यांनी वजन टाकलं, म्हणजे कुणासाठी तरी शब्द खर्च केला. आणि तिसरं सगळ्यांना माहीत आहे: कागद उडू नये म्हणून फायलीवर वजन ठेवा. तुमच्या साखळीवर मतं विकणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, असायचे ना? त्यांना थोडी टोकनं पाठवायची, ते तुमच्या लेखाला मत द्यायचे. ह्याला दुसरा शब्द शोधायचा कशाला? मत देणं म्हणजे वजन टाकणं, बॉटला पैसे देणं म्हणजे वजन ठेवणं. क्रियापद बदललं की नीतीही बदलली.

आणि दहाजण मिळून ठरवून एकमेकांच्याच लेखांना मतं देतात, ती भिशी. आमच्या गल्लीतल्या भिशीत आणि ह्यात फरक एवढाच, की आम्ही आपापलेच पैसे घालतो.

पंचगंगाकाठ:
ताई, भिशी उचलली! विचारलंच नव्हतं आणि मिळाला. पण डाउनव्होटचं काय?

तिखट_मीठ:
तो शब्द मला अनुभवाने ठाऊक आहे. 2018च्या थंडीत अशाच एका साखळीवर मी तांबड्या रश्श्याची कृती टाकली होती, फोटोंसकट. तीळ आणि खसखस भाजताना एक, वरची तर्री दाखवणारा एक, असे सात-आठ फोटो. रात्री झोपताना खाली 4 डॉलर दिसत होते. नवऱ्याला दाखवलेसुद्धा. सकाळी शून्य. एका देवमाशाने उलटं मत टाकलं होतं. माझं त्याच्याशी काहीच वैर नव्हतं. त्याचं ज्याच्याशी होतं, त्याच्या लेखाखाली मी आदल्या दिवशी ‘छान’ एवढंच लिहिलं होतं. सुक्याबरोबर ओलं जळालं. त्याच्या जागी कुणी ‘नापसंती’ लिहिलं तर मला हसू येईल. त्याने माझा रस्सा चाखलासुद्धा नव्हता.

उसाची_कांडी:
काटामारी.

उसाची_कांडी:
जरा इस्कटून सांगतो. फडातनं ट्रॉली निघताना आम्ही बाहेरच्या काट्यावर वजन करून घेतलं. पुढं दुसऱ्या काट्यावर चढली आणि पावतीवर आकडा कमी आला. ऊस तोच, ट्रॉली तीच, मधी कुठं मोळी पडली न्हाई. डोळ्यादेखत भरलेलं वजन कागदावर कमी झालं, त्याला आमच्यात काटामारी म्हणत्यात. ताईंचे 4 डॉलर तसंच गेलं. आणि बिलाची वाट बघायची ती निराळीच. आमची एफआरपी, म्हंजे उसाचा ठरलेला किमान दर, 14 दिवसांत द्यायची म्हणून नियम हाय, तुमच्यात सातव्या दिवशी हिशेब. तेवढं मात्र तुमचं बरं हाय.

जुना_मुद्रितशोधक:
शब्द फर्मास आहे, पण सरसकट नको. उलटं मत प्रत्येक वेळी लबाडीचं नसतं. कुणी दुसऱ्याचा लेख उचलून आपल्या नावावर खपवला, कुणी रोज तोच फोटो टाकून थैली उपसली, तर त्याची कमाई कापायला हेच हत्यार आहे. त्याला काटामारी म्हटलं तर चोर साव ठरेल. साध्या अर्थाला ‘उतारमत’ किंवा ‘वजामत’ असं काही बघा.

तालमीतला:
सरांना दुजोरा. उलट खरी अडचण अशी होती की चोराला कापायला कुणी पुढे येत नव्हतं, कारण त्यात स्वतःचाच दम जायचा आणि वर शत्रू मिळायचा. म्हणून 2019 साली स्टीमवर उलट्या मतांसाठी दमाचा छोटा वेगळा साठा दिला. तेवढा फुकट, स्वतःच्या मतांना धक्का नाही. साफसफाई वाढली, आणि खुन्नस काढणंही स्वस्त झालं. दोन्ही एकाच दारातून आत आले.

‘वजामत’ला माझं मत. खुन्नशीचं असेल तर काटा काढणे आहेच.

पंचगंगाकाठ:
‘वजामत’ पक्का. वजन आणि वजा शेजारी बसले की कानालाही बरं वाटतं. (व्युत्पत्तीने सख्खे नाहीत हे माहीत आहे, सर, रागावू नका.)

आता शेवटची गाठ. 2020 च्या फेब्रुवारीत ट्रॉन ह्या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या जस्टिन सन ह्यांनी स्टीमिट साइटची कंपनी विकत घेतली, आणि तिच्याबरोबर सुरुवातीच्या काळात कंपनीने स्वतःकडे जमवलेला टोकनांचा मोठा साठाही. साखळी चालवणाऱ्यांना तिथे विटनेस म्हणतात. वरचे 20 कोण, हे पुन्हा वजनाच्या मतानेच ठरतं. ह्या विटनेसनी घाबरून तो साठा गोठवला. मग मार्चमध्ये बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स ह्या एक्स्चेंजकडून, म्हणजे टोकनांची खरेदी-विक्री चालते त्या बाजारांकडून, मतं पडली आणि वरचे 20 बदलले. ती टोकनं एक्स्चेंजच्या गिऱ्हाइकांची होती. लोकांनी व्यापारासाठी ठेवलेली. त्यावर मत द्यायचं तर ती अडकवावी लागतात, आणि तेव्हा एकदा अडकवली की सोडवायला 13 आठवडे लागायचे, दर आठवड्याला एक हप्ता. बायनान्सने पुढे आपली मतं मागे घेतली. तोवर लोक बिथरले होते, आणि 20 मार्च 2020 ला बरेचजण हाइव्ह नावाची वेगळी साखळी काढून बाहेर पडले. तिकडे नंतर नियम आला: नव्याने अडकवलेल्या टोकनांना विटनेस निवडायला 30 दिवस थांबावं लागेल.

हे वजन टाकणं नाही, वजन ठेवणंही नाही. ह्याला काय म्हणू?

उसाची_कांडी:
आमच्याकडं दूध संस्थेचा ठराव घेऊन एकजण संघाच्या मतदानाला जातोय, त्यो ठरावधारक. निदान त्याला संस्थेनं ठराव तरी दिलेला असतोय, मग पुढं त्याला कोण कुठल्या सहलीला नेतंय त्यो भाग वेगळा. हितं ठरावच न्हाई.

तिखट_मीठ:
बिनठरावाचं मतदान. झालं की!

जुना_मुद्रितशोधक:
उसाच्या कांडीने बोली बोलत बोलत अख्ख्या कोशाचं काम केलं. ‘बिनठरावी मत’ असं सुटसुटीत करा. आणि तो 30 दिवसांचा नियम लिहिताना ‘प्रतीक्षा कालावधी’ लिहू नका, कृपा करून.

पंचगंगाकाठ:
‘महिनाभर थांबा’ लिहितो. चालेल?

जुना_मुद्रितशोधक:
चालेल. काटामारी सलग लिहायचं, वजामत सलग. वजन टाकणे, वजन ठेवणे मात्र तोडून. आणि प्रूफ मला पाठवा, त्या अंकात मागच्या वर्षी दमचा ‘दाम’ झाला होता.