व्हेनिसची ५ युरोची पावती आणि आपल्या गावची बारव: गर्दी आवरायची कशी?

बारवकाठ (बुलढाणा जिल्हा)
राम राम मंडळी. गावात हेमाडपंती शिवमंदिर अन् त्याला लागून दगडी बारव आहे. महाशिवरात्रीला अन् आता रिल्समुळे रविवारीही तिथं पाय ठेवाले जागा नसते. ग्रामसभेत ठराव येऊन राह्यला की माणशी २० रुपयांची पावती लावा, गर्दी आपोआप कमी होईल. दाखला व्हेनिसचा देतात. तिथं पावतीनं गर्दी कमी झाली का जी? अन् बारवेच्या पायऱ्यांचे काठ ढासळतात, ते गर्दीनंच का?

गाळपेर
भाऊ, दाखला अर्धाच सांगितला जातोय. व्हेनिसनं ही पावती २५ एप्रिल २०२४ पासून लावली, तीही त्या वर्षी फक्त २९ दिवस, सकाळी ८:३० ते दुपारी ४. मुक्कामी राहणाऱ्याला माफ, १४ वर्षांखालच्या पोराला माफ. फक्त येऊन-जाऊन करणाऱ्याला ५ युरो. सुमारे ४.८५ लाख लोकांनी पैसे भरले, २४ लाख युरोच्या आसपास जमले. २०२५ मध्ये दिवस ५४ केले आणि ऐनवेळी पावती काढणाऱ्याला १० युरो केले. पण दिवसाला किती माणसं सोडायची याची वरची मर्यादा ठेवलेलीच नाही. पैसे भरले की कितीही या. म्हणून पावती वसुलीचं साधन झाली, गर्दी आवरायचं नाही.

फरक पाडणारे निर्णय वेगळे होते. ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरच्या क्रूझ जहाजांना जुदेक्का कालव्यातून, म्हणजे सान मार्को या मुख्य चौकाच्या समोरून, जायला बंदी. २०२४ पासून वाटाड्याच्या एका जथ्यात २५ च्या वर माणसं नाहीत आणि भोंगा नाही. गावासाठी हेच उचला: जथ्याची संख्या, वेळ, आणि जड वाहन कुठवर येऊ द्यायचं.

एक गोष्ट ग्रामसभेत ठासून सांगा. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ साली पावणेदोन लाख लोक राहत होते, आता ५० हजारांच्या आत आले. घरं पाहुण्यांच्या खोल्या झाली की वाणी, शाळा, दवाखाना सगळं उठतं. मंदिराच्या वाटेवरचं एकेक घर हॉटेलाला देण्याआधी याचा विचार व्हावा.

चुनासुरखी
काठ ढासळण्याबद्दल. पायांनी दगड झिजतो, गुळगुळीत होतो. ढासळतो तो बहुतेक पाण्यानं, क्षारानं आणि मागच्या मातीच्या रेट्यानं.

व्हेनिसची घरं चिखलात ठोकलेल्या लाकडी खांबांवर आहेत. हवा लागत नाही म्हणून ते लाकूड शतकानुशतकं टिकलं. त्यावर इस्त्रिया भागातला घट्ट पांढरा दगड, तो पाणी फारसं शोषत नाही, आणि वर विटा. जमीन खचली, समुद्र चढला, तसं पाणी दगड ओलांडून विटांपर्यंत पोचलं. वीट वाळताना आत मिठाचे खडे धरतात आणि तिचा भुगा होतो. मोटरबोटींच्या लाटा सांध्यांतला चुना धुऊन नेतात. काही ठिकाणी वरून सिमेंटचा गिलावा केला. ओल बाहेर पडेना, ती आणखी वर चढली.

बारवेत नेमकं हेच पाहा. सांध्यांत कोणी सिमेंट भरलंय का? सिमेंटच्या बाजूच्या दगडाच्या कडा पोपडे धरून सुटत असतील तर कारण तेच. पांढरी भुकटी दिसली तर पाण्यानं धुऊ नका, क्षार विरघळून परत आत जातो. कोरड्या मऊ ब्रशनं झाडून गोळा करा.

दुसरं कारण आपल्या काळ्या मातीचं. ती पावसात फुगते आणि बारवेच्या भिंतीला आतल्या बाजूला ढकलते. काठावर ट्रॅक्टर, बस उभी केली की रेटा वाढतो. बारव जितकी खोल, निदान तितकं अंतर सोडूनच वाहनतळ ठेवा: ३० फूट खोल असेल तर ३० फुटांच्या आत चाक नको. वरचं पाणी बारवेपासून लांब जाणाऱ्या उतारानं बाहेर काढा.

भेगेवर काचेची पातळ पट्टी प्लास्टरनं आडवी चिकटवा, तारीख लिहा. पट्टी तडकली तर भिंत हलतेय. पावसाळ्याआधी आणि नंतर पाहा. दुरुस्ती मात्र स्वतः करू नका. मंदिर केंद्राच्या की राज्याच्या यादीत आहे हे आधी तपासा. केंद्र-संरक्षित असेल तर १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करताच येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. पावतीचं टपरीवजा ऑफिससुद्धा त्यात आलं.

बारवकाठ
सिमेंट भरलेलं आहे जी, पूर्वेकडच्या बाजूनं, अन् कडा तिथल्याच सुटल्या. किती माणसं सोडायची ते कसं ठरवू?

गाळपेर
आधी मोजा. आत जाण्याच्या तोंडाशी एक, बाहेर पडण्याच्या तोंडाशी एक माणूस बसवा, दर १५ मिनिटांनी आकडे लिहा. एक साधा दिवस, एक रविवार, एक यात्रेचा दिवस. आत गेलेल्यांतून बाहेर आलेले वजा करत गेलं की एका वेळी आत किती होते ते निघतं.

मग जागा. समजा सभामंडपात ६०० चौरस फूट मोकळे आहेत आणि माणशी ३० चौरस फूट धरले, तर एका वेळी २०. दर्शनाला १५ मिनिटं लागत असतील तर तासाला ८०. बारवेचा हिशोब वेगळा करा, तिथं अरुंद जिना आकडा ठरवतो. उतरायची आणि चढायची वेळ एकच ठेवली तर जिन्यात कोंडी होते. सगळे वर आल्याशिवाय पुढचा जथा सोडू नका.

पावती लावाच, पण २० रुपयांपेक्षा तिच्यावर छापलेली वेळ महत्त्वाची. ताडोबात गेटागणिक गाड्यांचा कोटा आहे, तो भरला की त्या फेरीला गाडी आत जात नाही. ग्रामसभेत व्हेनिसपेक्षा तो दाखला द्या, लोकांनी पाहिलेला आहे.

चुनासुरखी
पूर्वेकडचं सिमेंट छिन्नी-हातोड्यानं फोडायला कोणी निघालं तर थांबवा, दगडाची कड सोबत येते. आधी फोटो, सांध्यांची मापं, आणि पुरातत्त्व खात्याला अर्ज. पावतीच्या पैशातून पहिला खर्च पाण्याच्या नालीचा करा.