घरी शिकणाऱ्या लेकरांचा दिवस वेचणीच्या हंगामात कसा बसवता?

पांदणवाट
आम्ही हिंगणघाट तालुक्यात राहतो. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ६ चा. जूनपासून दोघं घरीच शिकतात. तासातासाचं वेळापत्रक भिंतीवर लावलं होतं, दसऱ्यापर्यंत बरं चाललं. आता कापूस फुटला. सकाळीच बाया वेचायला येतात, मलाही वावरात जावं लागते. दहाचं गणित बाराला होते, मराठी संध्याकाळवर जाते, अन् संध्याकाळी लाइट नसते. रोज रात्री वाटते, लेकरांचं नुकसान करून राहिलो. वावर सांभाळून कोणी नीट बसवलं असेल तर सांगा.

झडीचा_पाऊस
ताई, घड्याळ सोडा, क्रम धरा. आमचं चौथं वर्ष आहे. तीनच गोष्टी ठरलेल्या: उठल्यावर वाचन, न्याहारीनंतर गणित, दिवेलागणीला दिवसभरात पाहिलेल्याच्या चार ओळी वहीत. न्याहारी सातला होवो का नऊला, गणित तिच्या मागेच येते. तुमच्या मुलीला एका बैठकीत अर्धा तास पुष्कळ झाला, धाकट्याला दहा-पंधरा मिनिटं. वर्गात चाळीस पोरांसाठी जो वेळ जातो तो घरी दोघांना लागतच नाही, म्हणून नुकसानीची भीती काढून टाका.

वेचणीत माझी मुलगी काट्यापाशी वही घेऊन बसते. कोणाचा किती किलो, दर काय, मजुरी किती. ४२ किलो ६०० ग्रॅम म्हणजे ४२.६ किलो, हे पुस्तकावरून तिच्या डोक्यात शिरत नव्हतं, काट्यापाशी दोन दिवसांत शिरलं. बायांच्या कष्टाचे पैसे आहेत, म्हणून ती स्वतःच दोनदा तपासते. वेचायला मात्र तिला लावत नाही, हे आमच्या घरी पक्कं आहे.

मे महिन्यात पारा ४५ वर गेला की सगळं सकाळी सहा ते नऊमध्येच. मोठी कामं झडीच्या दिवसांसाठी राखून ठेवतो.

निवृत्त_गुरुजी
वरचं पटते, पण एक सांगतो. काम केलं म्हणजे शिकणं आपोआप होत नाही. सेवाग्राम तुमच्याच जिल्ह्यात आहे. १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेनंतर तिथे नई तालीम उभी राहिली, हातच्या कामातून शिक्षण. पण त्यात शिक्षक लेकराजवळ बसून 'हे असं का झालं?' विचारायचा. काट्यावरचा हिशेब रात्री पाच मिनिटं तरी तिच्यासोबत बसून पाहा.

आणि धाकट्याचं मोठ्यानं वाचणं एकही दिवस चुकवू नका. या वयात बाकी काही राहिलं तर भरून निघते, वाचन मागे पडलं की सगळंच अडते. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, नेटवर्क असेल तेव्हा मोबाइलवर उतरवून ठेवा. पुढे एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून, दहावी देता येते, त्याला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. जन्माचा दाखला आताच जपून ठेवा.

पांदणवाट
ताई, गुरुजी, मनापासून आभार. भिंतीवरचं वेळापत्रक काढून टाकलं. आज पोरीनं अकरा बायांचं वजन लिहिलं, दोन ठिकाणी ग्रॅम चुकले, रात्री आम्ही दोघींनी दुरुस्त केले. धाकट्यानं चुलीपाशी बसून एक पान वाचलं, जोडाक्षराला अडला, पण उठला नाही.
ताई, झडीत कोणती मोठी कामं काढता, ते सवडीनं लिहाल का?