डावा कोपरा सारखा पुढं जाऊन पकड करतो, असं पोरगं पारखायचं कसं?

डोंगरपट्ट्यातला

राम राम मंडळी. प्रश्न मोठाय पण शेवटपर्यंत वाचा, खरंच मदत पाहिजे.

मी बीड जिल्ह्यात धारूरकडच्या एका गावात पोरायला कबड्डी शिकवतो, अकरा वर्षं झाली. दुकान संध्याकाळी पाचला भावाच्या हवाली करायचं अन मैदानावर यायचं. माझ्याकडं एक पोरगं आहे, १७ पूर्ण, वजन ६३ किलो, डाव्या कोपऱ्याला (बचावाच्या रांगेत डाव्या टोकाला) खेळायलाय. असं लेकरू मी आजवर हाताखाली घेतलेलं नाही.

आपण सगळेच शिकवतो की कोपऱ्यानं थांबायचं, रेडरचा (चढाई करणाऱ्याचा) पाय आत आला, बोनस रेषेकडं गेला की मग घोटा धरायचा. हे थांबतच नाही. रेडर अजून अंदाज घेतोय तेवढ्यात हे दोन पावलं पुढं जाऊन घोट्यावर झडप घालतं, अन एकदा हात बसला की सुटत नाही. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातेत. दोन पट्टे (ऊसतोडीचे हंगाम) हे पण कोयत्यावर गेलेलं, दिवसभर वाढ्यानं मोळ्या बांधायचं. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी अजून घट्टा आहे. मी स्वतः त्याच्या हातातून पाय सोडवून बघितला, ७८ किलोचा माणूस मी, नाही सुटला.

आता अडचण. दिवाळीनंतरच्या स्पर्धेत फायनलला आम्ही २८-२७ नं पुढं, वीसेक सेकंद राहिलेले, मैदानात आमचे तिघं, समोरच्याची शेवटची चढाई. रेडरला नुसतं रिकामं परत जाऊ द्यायचं होतं. यानं झडप घातली, रेडरनं पाय उचलून वरून उडी मारली अन जाता जाता कव्हरला (कोपऱ्याला साथ देणाऱ्या गड्याला) हात लावून गेला. दोन गुण गेले, मॅच गेली. मी सगळ्या गावासमोर त्याला लई बोललो. ते फक्त एवढंच म्हणलं, "सर, तिघंच होतो, सुपर टॅकल होता." बरोबरच होतं त्याचं, तिघं असताना पकड झाली तर दोन गुण मिळतेत. पण गरज नव्हती ना त्या टायमाला.

त्यानंतर तीन मॅच ते कोपऱ्यात खांबासारखं उभं राहिलं. एक पकड नाही. गावातले म्हणतेत त्याला रेडर करा, कोणी म्हणतं कव्हरला घ्या. अन आता पुण्याच्या एका अकादमीच्या कोचनं, ज्यांनी त्याला आधी कुठंतरी बघितलेलं, पूर्ण मॅचचे दोन-तीन व्हिडिओ मागितलेत. तर हे पुढं जाणं म्हणजे त्याचा गुण धरायचा का खोड? हे मोजायचं कसं, अन कोणती मॅच पाठवू? हरलेली फायनल पाठवायची हिंमत होईना.

जिंतूरचा_राइट_कव्हर

सर, पहिलं म्हणजे कव्हर बिव्हर काही करू नका, कोपराच ठेवा. मी परभणी जिल्ह्याकडून खेळलोय, असा पुढं जाणारा कोपरा टीमला मिळणं ही नशिबाची गोष्ट आहे. शादलूचं बघा ना, इराणचा मोहम्मदरेझा शादलू, डावा कोपराच आहे आणि वाट बघत बसणारा मुळीच नाही. २०२३ च्या प्रो कबड्डी लीगच्या लिलावात पुणेरी पलटणनं त्याच्यासाठी २ कोटी ३५ लाख मोजले, त्या सीझनला पलटण जिंकली आणि बेस्ट डिफेंडर तोच. पुढच्या सीझनला हरियाणा स्टीलर्सकडं गेला तर ती टीम चॅम्पियन. त्याच्या पण पकडी फसतात आणि कधीकधी लई वाईट फसतात, पण त्याला बघून रेडर त्या बाजूला जायलाच कचरतो, हे स्कोअरशीटवर कुठं लिहिलेलं नसतं.

मोजायचं म्हणाल तर नुसतं बारा पकडीतल्या पाच झाल्या असं मोजू नका, त्यातून काही कळत नाही. प्रत्येक पकडीला मैदानात किती जण होते ते लिहा, स्कोअर काय होता ते लिहा, तिसरी, म्हणजे करो या मरोची चढाई होती का ते लिहा. सातजण असताना फसली तर एक गडी गेला, खेळ चालू राहतो. तिघं असताना फसली आणि हात लागला तर लोण (सगळेच गडी बाद होणं) तोंडावर येतो. तेच पोरगं, तीच पकड, पण किंमत वेगळी. आणि अजून एक, त्याच्या बाजूचा कव्हर काय करतोय हे बघितलं का तुम्ही? मी कव्हरला होतो म्हणून सांगतो, कोपरा पुढं गेला की कव्हरनं त्याच सेकंदाला आत घुसून कंबर धरायची असते. घोटा एकट्यानं सहसा कोणी रोखून धरत नाही, अर्धा सेकंद अडकवून ठेवतो, बाकीचं काम कव्हरचं. तो अर्धा सेकंद वाया गेला की सगळे कोपऱ्याला शिव्या देतात.

रेडर_औसा

मी आयुष्यभर रेडर, त्यामुळं दुसऱ्या बाजूनं सांगतो. रेडर कोपऱ्याला पाय दाखवतो तो बहुतेक वेळा खोटा असतो, अंगाचं वजन मागच्या पायावर असतं आणि पुढचा पाय नुसता टेकवलेला असतो, तो कधी पण ओढून घेता येतो. वजन पुढच्या पायावर आलं की मात्र तो पाय हलत नाही, तेवढ्यात घोटा धरला तर रेडर मेला. तर व्हिडिओ स्लो करून एवढंच बघा की तुमचं पोरगं पाय बघून जातंय का वजन बघून. पाय बघून जाणारे गल्लोगल्ली आहेत, त्यांना दोन वेळा फसवलं की दिवसभर खिशात. वजन बघून जाणारा १७ वर्षांचा असेल तर त्याला जपा सर. त्याला रेडर करा म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका.

उदगीर_ते_कॅलगरी

धागा वाचून राहवलं नाही. मी मूळ उदगीरचा, आता कॅनडात कॅलगरीला आहे, माझी लेक इथं आइस हॉकी खेळते आणि ती पण डिफेन्सला. हिवाळ्यात पहाटे सहाला उणे वीसमध्ये रिंकवर जायचं, मग वरच्या बाकावर चहाचा थर्मास घेऊन बसायचं, तिथं कोपऱ्यात कधीकधी स्काउट (टीमसाठी खेळाडू हेरणारे) बसलेले असतात, त्यांच्याकडं बघून बघून मी हा खेळ शिकलो. आणि तुमचा प्रश्न, सर, इथला रोजचा प्रश्न आहे, कसं ते सांगतो.

बर्फावर एका टीमचे सहा जण, गोली (गोलकीपर) धरून. तीन फॉरवर्ड, दोन डिफेन्समन. डिफेन्समनचं काम मागं राहायचं. पण काही पोरं अशी असतात की पक (खेळायची रबरी चकती) घेऊन स्वतःच पुढं सुटतात किंवा समोरच्याच्या हद्दीत निळ्या रेषेवर पक सुटताना दिसला की झेप घालून तिथंच अडवतात. जमलं तर गोलची संधी. नाही जमलं तर पाठीमागं मैदान मोकळं, समोरचे दोघं आणि आपला एकच. म्हणजे तुमचा ॲडव्हान्स टॅकलच की, पुढं जाऊन पकड.

या पोरांना पूर्वी कोच मागं खेचून ठेवायचे. मग बॉबी ऑर आला, बोस्टनचा, डिफेन्समन असून १९६९-७० ला १२० पॉइंट (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) करून अख्ख्या एनएचएल लीगमध्ये पहिला, आणि १९७४-७५ ला परत पहिला. तेव्हापासून आजपर्यंत दुसऱ्या कुठल्या डिफेन्समनला ते जमलं नाही. तरी पण अशा पोरांवरचा संशय गेलेला नाही. लेन हटसन म्हणून पोरगा आहे, अंगानं बारीक, २०२२ च्या ड्राफ्टला (टीमा पाळीपाळीनं नवी पोरं निवडतात त्याला) बासष्टावा उचलला गेला, म्हणजे एकसष्ट वेळा टीमांनी दुसरं कोणीतरी निवडलं. २०२४-२५ ला त्यानं मॉन्ट्रियलसाठी ६६ पॉइंट केले आणि नवीन खेळाडूंमधला सर्वोत्तम ठरला. आणि आमच्या कॅलगरीचाच केल मकार. तो ब्रूक्स नावाच्या छोट्या गावाच्या टीमकडून खेळायचा, मोठ्या ज्युनियर लीगच्या खालच्या पातळीवर. समोर भारी टीमच नाहीत, मग आकडे चांगले असले तरी किती खरे धरायचे, हा प्रश्न होताच. कोलोरॅडोनं २०१७ ला त्याला चौथ्या नंबरवर घेतलं. २०१९ ला प्लेऑफमध्ये (शेवटच्या बाद फेऱ्यांत) पहिलीच मॅच, समोर कॅलगरी, त्यानं गोल केला, आणि २०२२ ला टीमनं स्टॅनले कप जिंकला तेव्हा प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू तोच. तुमच्या पोराच्या बाबतीत पण लोक हेच म्हणतील, तालुक्याच्या स्पर्धेत काय कोणी पण पकडी करतं. म्हणून समोरचा कच्चा होता का पक्का हे बघण्यापेक्षा पोरगं काय बघून हललं हे दाखवा, ते कुठल्याही पातळीवर दिसतं.

आता स्काउट काय बघतात. एका म्हाताऱ्या स्काउटच्या शेजारी बसलो होतो, तो पकाकडं बघतच नव्हता. पक मागं कोपऱ्यात गेला आणि एक पोरगी तो आणायला धावली, तो फक्त तिची मान बघत होता. पकापर्यंत पोहोचायच्या आधी ती खांद्यावरून मागं बघते का, किती वेळा बघते. जी आधी बघते तिला पक मिळायच्या आधीच माहिती असतं कुठं द्यायचा. तुमच्या पोराचं पण तेच, झडप घालायच्या आधी त्याची नजर एकदा तरी कव्हरकडं जाते का? मैदानात किती उरले हे त्याला पाठ होतंच, "तिघंच होतो" म्हणलं ना ते. म्हणजे मोजत खेळतंय लेकरू. फक्त घड्याळ मोजलं नाही त्यानं, आणि घड्याळ शिकवता येतं सर, झडप शिकवता येत नाही.

दुसरं ते बघतात चुकल्यानंतरची पुढची शिफ्ट. झेप चुकली, गोल बसला, आता परत बर्फावर आल्यावर पोरगं लपतंय का परत योग्य संधीला जातंय. म्हणून ती हरलेली फायनल पाठवाच. आणि त्यानंतरच्या तीन मॅच ते खांबासारखं उभं राहिलं असं तुम्ही लिहिलंय. राग मानू नका, पण ते त्याचं नाही, ते तुमच्या बोलण्याचं आहे. आधी ते दुरुस्त करा, व्हिडिओ नंतर.

नांदेड_माजी_सैनिक

वरच्या भावानं आइस हॉकीचं काढलं म्हणून लिहितो. माझी पोस्टिंग लेहला होती, तिथं गोठलेल्या तळ्यावर जवान आणि तिथली पोरं पोरी हॉकी खेळायची. नैसर्गिक बर्फ वर्षातले दोन-अडीच महिने, बस. तेवढ्यावर तयार झालेल्या मुली आता भारताच्या टीममध्ये आहेत, २०२५ च्या आशिया कपला ब्राँझ आणलं त्यांनी. मुद्दा हा की तुमचं पोरगं दोन पट्टे कोयत्यावर होतं, म्हणजे ऐन कबड्डीच्या दिवसांत ते मैदानावर नव्हतंच. पुण्याच्या कोचला वय १७ एवढंच कळवू नका, प्रत्यक्षात किती महिने सराव झाला ते पण कळवा. बाराही महिने मॅटवर खेळणाऱ्या पोराशी याची तुलना होणार, तेव्हा हे माहिती असलंच पाहिजे. आपल्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे बघा, सियाचीनला ड्युटी करून आल्यावर धावायला लागला आणि २०२२ ला राष्ट्रकुलचं रौप्य घेऊन आला. उशीर झाला म्हणून कमी पडेल असं काही नसतं.

डोंगरपट्ट्यातला

सगळ्यायचे मनापासून आभार. चार दिवस गप होतो कारण सांगितलं तसं खरंच करत बसलो, मोबाईलवर एकेक चढाई स्लो करून, वही घेऊन.

दोन मॅच बघितल्या, एक जिंकलेली अन ती फायनल. त्यानं १४ पकडी केल्या. औसेकरांनी सांगितलं तसं वजन बघितलं, नऊ वेळा रेडरचं वजन पुढच्या पायावर होतं, त्यातल्या सात जमल्या. बाकी पाच वेळा पाय नुसता टेकवलेला, त्यात चार सुटले अन शेवटची चढाई त्यातलीच. म्हणजे बहुतेक वेळा ते वजन बघूनच जातंय, मी कधी शिकवलं नव्हतं, त्याचं त्यालाच कळलेलं.

पण माझी झोप उडाली ती कव्हरचं बघून. सुटलेल्या सहापैकी चार वेळा कव्हर मागच्या रेषेवर उभा. जागा सोडलीच नाही त्यानं. अन त्याला जागा सोडू नको असं मीच सांगितलेलं, दोन वर्षांपासून सांगायलोय, कारण कोपरा पुढं जातो म्हणून मागं कोणीतरी पाहिजे असं मला वाटायचं. अन अजून एक दिसलं, फायनलच्या पहिल्या हाफमध्ये पोरगं झडप घालायच्या आधी दोनदा कव्हरकडं बघतंय, स्पष्ट मान वळलेली दिसते. कव्हर हलत नाही म्हणल्यावर दुसऱ्या हाफमध्ये बघायचंच सोडलं त्यानं.

काल पोरं यायच्या आधी त्याला बोलावलं. दोघांनी मिळून मैदानावर पाणी मारलं, कॅन धरून ते पुढं अन मी मागं. मी म्हणलं त्या दिवशी मी तुला बोललो ते सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, अन खरं म्हणजे चूक अर्धी माझी होती. ते काही बोललं नाही. कॅन रिकामा झाला तेव्हा खाली ठेवून म्हणलं, "सर, कव्हरला सांगा ना, मी हललो की माझ्या मागं ये म्हणून. मी त्याला लई दिवसापासून म्हणायलोय, तर तो म्हणतो सर ओरडतील."

कालपासून दोघांची जोडी लावलीय, रोज चाळीस वेळा, रेडर म्हणून मीच जातोय. आज सहाव्या का सातव्या वेळेला दोघं एकदम आले अन मी पाठीवर पडलो, तर पोरं इतकी ओरडली की रस्त्यावरची माणसं बघायला आली.

त्याच्या आजीशी पण बोललो, यंदा ते कोयत्यावर जाणार नाही, आईवडिलांचं पण तसंच म्हणणं आहे. पुण्याला तीन व्हिडिओ पाठवले, फायनल सगळ्यात वर ठेवली, अन खाली लिहिलं की १४ महिन्यांचाच सराव आहे. एक विचारायचं राहिलं, तिकडं गेल्यावर सगळा सराव मॅटवर असणार अन याच्या पायात आजपर्यंत बूट नाही. मॅटचे बूट आधीच घेऊन इथं मातीवर सवय लावू का, का तिथं गेल्यावरच बघू? कोणी पाठवलं असेल पोरगं तर सांगा.