अँटीबॉडीचा आकडा मोठा आला म्हणजे माणूस सुरक्षित, हे कितपत खरं?

परभणीकर (धागा सुरू करणारे):
परवा मानवतला एका लग्नात पंगतीला बसलो होतो, तिथं कोरोनाचा विषय निघाला. आमचे साडू म्हणाले, "२०२१ मध्ये माझ्या अँटीबॉडी भरपूर निघाल्या, म्हणून दुसरा डोस घेतलाच नाही. काय झालं मला?" चारजणांनी माना डोलावल्या. माझं सगळं आयुष्य लॅबमध्ये गेलं, मला ते पटेना. लग्नघरी वाद नको म्हणून गप्प बसलो, पण इथं लिहितो.

खळ्यावर मळणीच्या वेळी बैलाला मुसकं बांधतात. बैल धान्यातच फिरतो, पण त्याला तोंड लावता येत नाही. न्यूट्रलायझिंग, म्हणजे विषाणूला निकामी करणारी अँटीबॉडी हेच काम करते. कोरोनाच्या अंगावर स्पाइक प्रोटीनचे काटे असतात. त्या काट्याच्या टोकाचा एक भाग आपल्या पेशीवरच्या एसीई-२ नावाच्या प्रोटीनला चिकटतो आणि तिथून विषाणू आत शिरतो. अँटीबॉडी नेमकी त्याच टोकावर बसली की त्याचं तोंड बंद. बाकीच्या अँटीबॉडी कुठं शिंगाला, कुठं वशिंडाला, कुठं शेपटीला चिकटतात. बैल खातच राहतो.

नेहमीच्या रिपोर्टात या सगळ्यांची एकत्र मोजणी असते. काही किट तर काटा सोडून विषाणूच्या आतल्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रोटीनवरच्या अँटीबॉडी शोधतात. माझ्या मेहुणीनं कोविशील्डचे दोन्ही डोस घेऊन एका खासगी लॅबमध्ये तपासणी केली, तर रिपोर्ट 'निगेटिव्ह'. बिचारी रात्रभर रडली. कोविशील्ड शरीराला फक्त काटा ओळखायला शिकवते. मग आतल्या प्रोटीनच्या अँटीबॉडी येणार कुठून? पण तिथं कुणी तिला एवढं सांगितलं नाही, याचा मला आजही राग येतो.

खरी तपासणी म्हणजे रक्तातला सीरम आणि जिवंत विषाणू एकत्र करून पेशींच्या थरावर सोडायचे आणि किती पेशी वाचल्या ते बघायचं. त्याला बीएसएल-३ दर्जाची, म्हणजे घातक जंतू हाताळण्यासाठी कडक बंदोबस्ताची लॅब लागते. तालुक्याच्या गावी हे होणं नाही.

तेरणाकाठ:
काका, मुसक्याचं पटलं. पण आकड्याला एवढं खाली पाडू नका. २०२१ मध्ये 'नेचर मेडिसिन' या संशोधन नियतकालिकात सात लसींची माहिती एकत्र करून एक अभ्यास आला होता. बऱ्या झालेल्या रुग्णांत न्यूट्रलायझिंग अँटीबॉडीची जी सरासरी पातळी होती, तिच्या साधारण २० टक्के पातळी असली तरी लागणीपासून ५० टक्के संरक्षण मिळतं, असं त्यात निघालं. गंभीर आजारासाठी तर ३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पातळीला अर्थ आहे. आणि चिकटणाऱ्या अँटीबॉडी वाढल्या की न्यूट्रलायझिंगही बहुतेक वाढलेल्या असतात.

माझ्या आईची किडनी बदललेली आहे, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कायमच्या. दोन डोसनंतर तिचा आकडा जवळजवळ शून्य आला. तो रिपोर्ट नसता तर आम्ही निर्धास्त होऊन पाहुणे बोलावले असते. आमच्यासारख्यांना दुसरं काय हाताशी आहे?

जालन्याचा वाचक:
मला तर मुळात अँटीबॉडीचं एवढं कौतुकच पटत नाही. त्याच सगळं करत असतील तर प्लाझ्मानं, म्हणजे बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडीवाल्या द्रवानं, माणसं वाचायला हवी होती. २०२० मध्ये काकांसाठी आम्ही रात्रभर डोनर शोधत फिरलो. प्लाझ्मा मिळाला, काका गेले. नंतर वाचलं की आयसीएमआरनं (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) ३९ दवाखान्यांत ४६४ रुग्णांवर चाचणी केली, तिच्यात फायदा दिसला नाही, आणि मे २०२१ मध्ये प्लाझ्मा उपचारांतूनच काढला. आतून लढतात त्या टी पेशी, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. त्यांचं नावही तुम्ही घेतलं नाही.

परभणीकर:
तुमच्या काकांचं वाचून वाईट वाटलं. टी पेशी राहिल्या, ही चूक माझी. विषाणू पेशीत शिरला की अँटीबॉडीचा हात तिथं पोचत नाही, ती पेशी टी पेशींनाच मारावी लागते. पण प्लाझ्माचं मी वेगळं बघतो. दवाखान्यात पोचेपर्यंत बैलानं रास खाल्लेली असते, मग मुसकं बांधून काय उपयोग? त्या चाचणीत दात्यांच्या न्यूट्रलायझिंग अँटीबॉडी आधी मोजल्याही नव्हत्या. उलट अर्जेंटिनात वयस्कर माणसांना लक्षणं दिसल्यापासून ७२ तासांच्या आत भरपूर अँटीबॉडी असलेला प्लाझ्मा दिला, तर आजार गंभीर होण्याचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं. वेळ आणि अँटीबॉडीचा प्रकार, दोन्ही जुळायला लागतात.

जालन्याचा वाचक:
बरं. मग ओमिक्रॉनच्या वेळी दोन-दोन डोसवाले घरोघर तापले, ते कसं?

परभणीकर:
त्याच्या काट्यात ३० हून जास्त बदल होते, त्यातले बरेचसे नेमके त्या टोकावर. तोंडाचा आकारच बदलला, जुनं मुसकं सैल पडलं. शिवाय दंडात घेतलेल्या लसीच्या अँटीबॉडी जास्त करून रक्तात असतात, नाकाच्या अस्तरात कमी. म्हणून सर्दी-ताप आला. टी पेशी मात्र काट्याचे इतर तुकडेही ओळखतात, त्यामुळं पुष्कळांची फुप्फुसं वाचली. इथं तुमचं म्हणणं खरं आहे.

बीडची ताई:
मी गावात आरोग्याचं काम करते. आयसीएमआरच्या अँटीबॉडी सर्वेक्षणात आपले बीड, परभणी, नांदेड हे तिन्ही जिल्हे होते. २०२१ च्या जून-जुलैमधल्या चौथ्या फेरीत देशभरात ६७.६ टक्के लोकांत अँटीबॉडी सापडल्या. ती बातमी आली आणि दुसऱ्या डोसला बाया येईनात. "झालं की आता सगळ्यांना" म्हणायच्या. तो आकडा साथ किती पसरली ते सांगतो, शेवंताबाईच्या अंगात काय आहे ते नाही. दारोदार हेच सांगत फिरले. आणि काका, शेपटीला चिकटणाऱ्या अँटीबॉडी अगदीच फुकट नसतात. गळ्यातली घाटी वाजली की राखणदार धावतो ना, तशा त्या भक्षक पेशींना बोलावतात.

परभणीकर:
ताई, घाटीचं मान्य.

तेरणाकाठ:
तरी मी आईची तपासणी करणारच. फक्त काय बघून करू ते सांगा.

परभणीकर:
कर, तुझ्या आईचं प्रकरण वेगळंच आहे. रक्त देण्याआधी विचार, किट 'स्पाइक'चं आहे की 'न्यूक्लिओकॅप्सिड'चं. पुढच्या वेळी त्याच लॅबमध्ये, त्याच किटवर कर, नाहीतर दोन आकडे एकमेकांशी जुळवता येणार नाहीत. आणि आकडा चांगला आला तरी पाहुण्यांना मास्क लावूनच आत घे.