एकट्याने काईट वर काढायचा: घरी बनवलेलं सेल्फ-लाँच, अँकर आणि पिन

गोदाकाठ_१२

नमस्कार मंडळी. नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला काईटसर्फिंग करतो (काईटच्या ओढीवर फळीवरून पाण्यावर सरकायचं). काईट धरायला दरवेळी माणूस मिळत नाही, म्हणून सेल्फ-लाँच, म्हणजे एकट्याने काईट वर काढायची सोय, घरीच बनवायचं ठरवतोय. सामान असं: हवा भरायचे 9 आणि 12 चौरस मीटरचे काईट, चार लाइनचा बार (काईट चालवायचा हातातला दांडा), 22 मीटरच्या लाइन (बार आणि काईट जोडणाऱ्या दोऱ्या).

डोक्यात आराखडा आहे तो असा. 40 किलो वाळूची गोणी, तिला दोर, दोराचं दुसरं टोक लीडिंग एजच्या (काईटच्या पुढच्या, हवा भरलेल्या कडेच्या) मधोमध आणि गोणीपाशी स्प्रिंगचा हुक. मागे सरकून लाइन ताणल्या की ठरावीक ताणाला हुक आपोआप उघडेल. गोणी पुरेल का? दोर काईटला नेमका कुठे अडकवायचा? स्प्रिंग किती किलोची घ्यायची? आणि हे सगळं सोडून चिकन लूप (बार कंबरेच्या हार्नेसला अडकवायची कडी) सरळ गाडीच्या टो हुकला अडकवला, काईटपाशी जाऊन तो हाताने उभा केला, तर काय बिघडतं?

पश्चिमवारा

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण जीव तिथे जातो.

15 नॉट म्हणजे सेकंदाला साधारण 7.7 मीटर. या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला 36 न्यूटनच्या आसपास येतो. 12 मीटरच्या काईटला ढोबळमानाने 430 न्यूटन, म्हणजे 44 किलोची ओढ. हे काईट एका जागी स्थिर असताना. तो गोल फिरून खिडकीच्या (वारा जातो त्या बाजूला काईट जिथे उडू शकतो तो भाग) मध्यातून खाली आला की त्याला लागणारा वारा सहज दुप्पट होतो आणि ओढ वर्गाने वाढते: 175 किलो. गाडी हलणार नाही हे खरं, पण बार धरायला कोणीच नाही आणि क्विक रिलीज (चिकन लूप झटकन सोडवायची कळ) तुमच्यापासून 22 मीटरवर आहे. काईट तिथेच फिरत राहणार आणि तुम्ही लाइनच्या आवाक्यात उभे. गंगापूरला नैऋत्येचा वारा अंजनेरी-त्र्यंबकच्या डोंगरांवरून तुटत येतो, झुळकांमध्ये फार फरक असतो. तिथे हा प्रकार करूच नका.

गोणीचं गणित त्याहून साधं. जमिनीवर नुसती ठेवलेली 40 किलोची गोणी आडवी ओढायला निम्मी ताकद पुरते, म्हणजे सुमारे 20 किलो. दोर वरच्या दिशेने ओढत असेल तर त्याहूनही कमी. गोणी घसरली की ती काईटच्या मागे फरफटत येईल, नाहीतर काईटला लोंबकळेल.

पण यंत्रापेक्षा जागा महत्त्वाची. काईट खिडकीच्या काठावर हवा, लीडिंग एज वाऱ्याकडे, पोकळ बाजू तुमच्याकडे, आणि लाइन वाऱ्याला जवळपास काटकोनात. कापड फडफडत असेल तर तुम्ही वारा येतो त्या दिशेने, म्हणजे अपविंड, चार पावलं जा. कापड टम्म फुगून काईट जोरात ओढत असेल तर डाउनविंड, म्हणजे वारा जातो त्या दिशेने, सरका. फडफडता काईट सोडला तर तो मागे कोसळतो. फार फुगलेला सोडला तर थेट मध्यात जातो आणि तुम्हाला उचलून नेतो. माणूस काईट धरतो तेव्हा हे बघण्याचं काम तोही करत असतो. दोर ते करणार नाही.

म्हणून आपोआप उघडणारी स्प्रिंग नको. ताण तुमच्या चालण्यानेही वाढतो आणि झुळकेनेही, स्प्रिंगला त्यातला फरक कळत नाही. हुक बरोबर नको त्या झुळकेत उघडेल.

सातपूर_लेथ

वरच्याशी पूर्ण सहमत. सोडायचा निर्णय हातात हवा आणि लोखंड सगळं जमिनीवर राहायला हवं.

लीडिंग एज कापडाला शिवलेली असते, त्यामुळे तिच्याभोवती पट्टा गोल घालता येत नाही. ब्रायडलला (लीडिंग एजवरून लाइनकडे येणाऱ्या दोऱ्यांना) दोर अजिबात नको, तो पुलीत अडकतो. जागा एकच: मधल्या स्ट्रटजवळ (लीडिंग एजपासून मागे जाणाऱ्या हवेच्या नळीजवळ) पंपाची लीश, म्हणजे दोरी, अडकवायची कापडी कडी. ती पंपासाठी शिवलेली आहे हे लक्षात ठेवूनच पुढचं सगळं करायचं.

दोर 4 मिमी डायनीमा (मजबूत कृत्रिम धागा), साडेचार मीटर. एक टोक अँकर प्लेटला, तिथून कडीतून ओवून परत प्लेटवरच्या पिनला. दुहेरी झाल्यावर दोन मीटरच्या थोडं वर भरतो. काईट एका टोकावर उभा राहिला की लीडिंग एजचा मध्य जमिनीपासून दीड-दोन मीटरवर असतो, त्याला ही लांबी बेताची आहे. आखूड दोर काईटला खाली खेचतो, लांब दोराने तो डुलतो. पिनकडच्या टोकाला डोळा (दोराचाच छोटा फासा) शिवून घ्या, गाठ नको. डोळा चपटा आणि कडीतून सहज सरकेल इतका बारीक हवा. घरी कडीतून पन्नासदा ओढून बघा, एकदाही अडकला तर पुन्हा शिवा.

पिन: स्टेनलेस 304 ची 8 मिमी सळई, 90 मिमी लांब, पुढचं टोक गोलसर, पॉलिश केलेली. 5 मिमी पट्टीचा यू आकाराचा ब्रॅकेट, दोन्ही कानांना 8.5 मिमीचं भोक, मधली फट 15 मिमी. डोळा या फटीत बसतो आणि पिन दोन्ही कानांतून आरपार जाते. एकाच बाजूने आधार दिलेली पिन वाकते आणि भोकात आवळून बसते. भोकांच्या कडा काउंटरसिंकने मारून घ्या, नाहीतर डोळा कापेल. सातपूर किंवा अंबडच्या कुठल्याही लेथवर हे काम होतं.

ब्रॅकेटची दिशा नीट ठरवा. पिनचा अक्ष तुमच्याकडे, दोराची ओढ त्याला आडवी. दोर दुहेरी असल्यामुळे पिनवर निम्मा भार येतो. एकूण 30 किलो ओढ असेल तर पिनवर 15, आणि घर्षण 0.3 धरलं तर पिन साडेचार-पाच किलोने निघते. एका हाताने सहज जमतं.

आता कमकुवत दुवा. प्लेट आणि दोराचं बांधलेलं टोक यांच्यामध्ये मेणाच्या पॉलिएस्टर दोऱ्याचे वेढे घ्या, 18 किलोला तुटतील इतके. मोजायला बादली पुरते: दुव्याला बादली टांगा, तांब्याने पाणी ओता, बादलीचं वजन धरून 18 किलोला तुटला पाहिजे. पाच-सहा दुवे तोडून वेढ्यांची संख्या ठरवा. नायलॉन घेऊ नका, ओला झाला की त्याची ताकद उतरते. पिन अडकली आणि एकूण ओढ 36 किलोच्या वर गेली की दुवा तुटून तेच टोक कडीतून निघून जाईल. म्हणून या टोकालाही गाठ नको. पिन निघाल्यावर डोळाच कडीत अडकला तर सगळा भार याच दुव्यावर येतो आणि तो 18 लाच सुटतो. दोर काईटबरोबर जाईल, पण काईट जमिनीला बांधलेला राहणार नाही.

गोदाकाठ_१२

खूप आभार. स्प्रिंग रद्द, टो हुकही रद्द. काठावर मुरूम आहे आणि खाली खडक, स्क्रूचा अँकर आत जात नाही. पाणी ओसरलं की काळी माती उघडी पडते. तिथे काय करायचं? आणि पिनची दोरी बार धरलेला असताना कशी ओढायची?

बोर्डीकिनारा

दुवा 36 ला सोडतो, तेव्हा अँकर 100 किलो आडव्या ओढीला हलला नाही म्हणजे झालं. लटकता डिजिटल काटा आणि ट्रकचा रॅचेट बेल्ट घेऊन एकदा ओढून बघा, अंदाजावर सोडू नका.

मुरुमात 16 मिमीच्या तीन सळया, प्रत्येकी 60 सेंमी, ओढीच्या उलट दिशेला कलत्या ठोकायच्या आणि वर एकाच 8 मिमी प्लेटमध्ये अडकवायच्या. डोकी जमिनीलगत हवीत आणि त्यावर जुन्या टायरचा तुकडा बांधलेला हवा. फुगलेल्या काईटला उघडी सळई एका क्षणात फाडते. काळ्या मातीत सळयांवर भरवसा नको. सुकली की भेगा पडतात, भिजली की लोण्यासारखी होते. तिथे द्राक्षबागेच्या कडेच्या अँगलला ताण द्यायला दगड जमिनीत गाडतात तेच करायचं: अर्धा मीटर खोल चर, त्यात ओढीला आडवी ठेवलेली भरलेली गोणी किंवा ओंडका, मधोमध बांधलेला पट्टा तिरक्या खाचेतून वर, आणि माती तुडवून भरलेली. तुमची 40 किलोची गोणी इथे खरी कामाला येते. डहाणू-बोर्डीच्या ओल्या वाळूतही हीच रीत चालते. मात्र तिकडे दुपारचा वारा समुद्रावरून येतो आणि डाउनविंडला सुरूची झाडं असतात, म्हणून ओहोटीला पाण्याच्या रेषेजवळच लाँच करा.

पिनची दोरी 3 मिमी, 25 मीटर, भडक रंगाची. ती फ्लाइंग लाइनच्या अपविंड बाजूला दोन मीटर अंतर ठेवून पसरायची, लाइनखालून कधीच नाही. तुमच्याकडच्या टोकाला लाकडी मूठ. ती मनगटाला किंवा हार्नेसला बांधायची नाही, ओढली की लगेच टाकून द्यायची.

क्रम असा ठेवा. काईट अँकरला, लाइन जोडलेल्या, चारही लाइन हातात धरून बारपर्यंत चालत तपासलेल्या. सेफ्टी लीश (तुम्हाला काईटच्या सेफ्टी लाइनला जोडणारी दोरी) लावली, क्विक रिलीज एकदा उघडून परत बसवला, मग चिकन लूप हुकमध्ये. बार पूर्ण बाहेर ढकललेला. मागे सरकून लाइन ताणा, काईट उभा राहील. पश्चिमवारा यांनी सांगितलेली फडफड बघा. कापड शांत झालं की पाच-सात सेकंद तसंच थांबा. तेवढ्यात झुळूक आली तर ती जाऊ द्या. मग एक हात बारवर, दुसऱ्याने पिन. काईट काठाकाठाने सावकाश वर न्या. दोन्ही हातांनी बार ओढून घेऊ नका, बरेच अपघात तिथेच होतात.

डाउनविंडला 100 मीटर मोकळं हवं: खडक, तारा, माणसं काही नको. 12 ते 18 नॉटच्या बाहेर एकट्याने नको. झुळूक आणि सरासरी यात 5 नॉटपेक्षा जास्त फरक असेल तर त्या दिवशी माणूस शोधा. धरणाच्या भिंतीपासून दूर राहा आणि पाण्यात उतरण्याआधी पाटबंधारे खात्याकडे परवानगीचं विचारून घ्या, शहराचं पिण्याचं पाणी आहे ते.

सातपूर_लेथ

एक राहिलं. उतरवायला हे यंत्र उपयोगाचं नाही. एकट्याने खाली आणताना क्विक रिलीज उघडून काईट सेफ्टी लाइनवर (एकाच लाइनवर, म्हणजे ओढ जाते) सोडणे हा मार्ग धरा, आणि त्याचा सराव 9 मीटरवर, कमी वाऱ्यात, आधी. लाँचची पहिली चाचणीही 9 वरच आणि काईट धरता येणारा एक माणूस अँकरपाशी उभा करून. दुवा दर दिवशी नवा. उन्हाने दोऱ्याची ताकद कमी होते आणि मग तो 10-12 लाच तुटून काईट तुमच्या आधी सुटेल.

पश्चिमवारा

डिसेंबर-जानेवारीत चाचणी करणार असाल तर आधी काठावर फिरून झुडपांत अडकलेला मांजा गोळा करा. नायलॉन मांजावर बंदी असली तरी तो सापडतो, आणि काचेचा मांजा ताणलेल्या फ्लाइंग लाइनला घासला तर लाइन कापली जाते. नंतर लाइन बोटांतून सरकवत पूर्ण लांबी तपासा. तंतू उसवलेले लागले तर ती लाइन बदला, गाठ मारून चालवू नका.