फौंड्रीत, लूमवर बिनपंख्याचा मिनी पीसी: शहाणपणा की हौस?

उद्यमनगरकर:
शिरोली एमआयडीसीत आमच्या फौंड्रीच्या डिस्पॅचचा पीसी बदलायचाय. काम किरकोळ: वजनकाट्याचं रीडिंग, चलन, टॅली, गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्र. आधी माझं मत टाकतो, मग तुटून पडा. फौंड्रीत पंख्याचा पीसी घेऊच नये. मोल्डिंगच्या वाळूत कोळशाची पूड, वर शॉट ब्लास्टिंगचा लोखंडी चुरा. ही काळी धूळ वीज वाहते, आणि पंखा ती ओढून थेट मदरबोर्डवर नेऊन घालतो.

बिनपंख्यात मला तीन तऱ्हा दिसल्या. मेलेच्या क्वायटरसारखी हातावर मावणारी डबी. झोटॅकच्या झेडबॉक्स सी मालिकेसारखी जाळीदार बॉडी, जिच्यातून गरम हवा आपोआप वर निघून जाते. आणि तिसरी, अख्खी बॉडीच अ‍ॅल्युमिनियमची, पाठीवर पात्या, चिप आतून बॉडीलाच टेकवलेली. आपण तिसरीच्या बाजूचे. प्रोसेसर इंटेल एन१००, टीडीपी, म्हणजे चिपची कागदावरची उष्णता, जेमतेम ६ वॅट. एवढ्याला पंखा लागतोय कशाला?

रिपेअरवाला:
६ वॅट कागदावर, दादा. बरेच डबीवाले बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, पीएल१, म्हणजे कायम चालणाऱ्या वॅटची मर्यादा, १० ते १५ वर नेऊन ठेवतात. वेग दाखवायचा असतो ना.

आता हिशेब करा. १३ बाय ८ बाय २ सेंटिमीटरच्या डबीचा सगळा पृष्ठभाग भरतो साधारण २९० चौरस सेंटिमीटर. पंखा नसताना चौरस मीटरमागं दर अंशाला ढोबळमानानं १० वॅट बाहेर जातात, त्यात हवाही आली आणि प्रारणही. म्हणजे १० वॅट काढायला बॉडी आजूबाजूच्या हवेपेक्षा ३४-३५ अंशांनी तापावी लागते. एप्रिलात पत्र्याखाली ४० धरा. बॉडी ७५ वर, चिप त्याच्याही वर. १०५ च्या आसपास एन१०० बंद पडत नाही, स्वतःचा वेग उतरवतो. गिऱ्हाईक म्हणतं, पीसी जुना झाला. पंखा बिघडला तर निदान खरखर करून सांगतो की!

आणि चिपचं सोडा, शेजारी बसलेल्या एनव्हीएमई एसएसडीला, म्हणजे डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हला, कोण विचारतंय? इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तर दर १० अंश वाढीला निम्म्या आयुष्यावर येतो, हा जुना ठोकताळा आहे. धुळीला घाबरून भट्टी विकत घेऊ नका.

इचलकरंजीकर:
रिपेअरवाले, एकदा लूमवर या. कापसाचा तंतू हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांवर, वाकळ अंथरल्यासारखा बसतो. पंखा फिरत असतो, हवा जात नसते. तेव्हा तुमचा पंखेवालाही गुपचूपच मंदावतो. ब्लोअर मारा म्हणाल, पण पाळी बदलताना पीसी खोलून ब्लोअर मारायला कोण बसलंय? आमच्याकडं पात्यांची बॉडी आहे. कामगार बाहेरून ब्रश फिरवतो, स्क्रू काढायचा प्रश्नच नाही.

जाळीवाला मात्र घेऊ नका. पंखा नाही म्हणजे डबा बंद, असं नव्हे. भोकं आहेत तिथं तंतू जाणार, फक्त सावकाश. ऑफिसात, दवाखान्यात तो उत्तम.

पाय_कळंबा:
एवढ्याशा कामाला रास्पबेरी पाय ४, तो तळहाताएवढा बोर्ड-कॉम्प्युटर, बास झाला की. फ्लर्कची केस घाला, तीच हीटसिंक.

उद्यमनगरकर:
टॅली विंडोजवर चालते भावा, पायवर नाही. पुढं.

राजारामपुरी_७:
सगळेच चुकीचं भांडताय. धूळ आहे तर पीसी तिथं ठेवताच कशाला? काट्याच्या इंडिकेटरला आरएस-४८५, म्हणजे लांब पल्ल्याची डेटाची जोडणी, असेल तर १२०० मीटरपर्यंत वायर जाते. पीसी केबिनमध्ये ठेवा, साधा पंख्याचा, निम्म्या पैशात. पंखा गेला तर शाहूपुरीत दुसरा मिळेल. तुमचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा बिघडला की अख्खा बोर्ड पाठवावा लागतो, आणि परत येईस्तोवर चलन हातानं लिहा.

उद्यमनगरकर:
चलन शेडमध्येच फाडावं लागतं. ड्रायव्हर केबिनपर्यंत चालत येत नाही, हॉर्न वाजवतो! पण सुट्या भागांचा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

रिपेअरवाले, तुमचंच सूत्र लावतो. २० बाय १३ बाय ५ ची बॉडी घेतली तर पृष्ठभाग ८५० चौरस सेंटिमीटर, पात्या न मोजता. तेच १० वॅट फक्त १२ अंशांत निघतात. वर पीएल१ ८ वर आणली की झालं, टॅलीला काय वेग लागतोय? तुमचा सगळा राग डबीवर आहे, बिनपंख्यावर नाही.

रिपेअरवाला:
राग कारागिरीवर आहे. बाहेरून पात्या झोकात, आणि आत चिप आणि बॉडीच्या मध्ये जाडजूड थर्मल पॅड कोंबलेला, असे डबे टेबलावर येतात. तांब्याचा ठोकळा आणि पातळ पेस्ट हवी. पात्यांमधली फट साधारण ६ ते १० मिलिमीटर पाहिजे, दाटीवाटीच्या पात्यांतून पंख्याशिवाय हवा हलत नाही. रंग काळा अ‍ॅनोडाइज्ड, चकचकीत चंदेरी बॉडी प्रारणात मार खाते. शिवाय भिंतीवर लावा, पात्या उभ्या राहतील अशा. टेबलावर ठेवलात की तासाभरात त्यावर पावतीपुस्तक येतं, मग तुमचे ८५० गेले.

इचलकरंजीकर:
पावतीपुस्तक? आमच्याकडं चहाचे ग्लास. गरम राहतात म्हणे.

रिपेअरवाला:
बघा, हीटसिंक चाललाय तुमचा. उद्यमनगरकर, विकणाऱ्याकडून पीएल१ किती ठेवलीय ते आधी लिहून घ्या आणि आतला फोटो मागवा. फोटो देत नसेल तर पंख्याचा घ्या, वर फिल्टरची जाळी लावू. घेतलात तर मे महिन्यात दुपारी तीनला, भट्टी चालू असताना, अर्धा तास पूर्ण लोड द्या आणि क्लॉकचा, म्हणजे चिपच्या वेगाचा, आकडा इथं टाका. २ गिगाहर्ट्झच्या खाली गेला नाही तर मिसळ माझ्याकडून.

उद्यमनगरकर:
फोटो मागवलाय. मिसळ कुठली, ते आत्ताच ठरवा.